लाल केमो शरीरातून नेमकी जाते कुठून? (आईचा डोस निम्मा करायचं म्हणताहेत)

कोयनाकाठ | शुक्रवार, रात्री १०:५२

इथे एरवी वाचनमात्र असतो, आज गरजेपोटी लिहितोय. आई, वय ६१, मुक्काम कराड. स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन झालं, आता केमो. आधी चार वेळा 'एसी', मग पुढची औषधं असं ठरलंय. एसीतलं 'ए' म्हणजे ते लाल औषध, ॲड्रियामायसिन. बिलावर डॉक्सोरुबिसिन लिहून येतं, दोन्ही एकच. पहिली केमो तीन आठवड्यांपूर्वी झाली, ९० मिलिग्रॅम. त्या संध्याकाळी आई बाथरूममधून ओरडली, "अरे, रक्त जातंय!" लघवी लाल होईल हे सिस्टरनी सांगितलं होतं, पण ते मला सांगितलं होतं आणि मी गडबडीत तिला सांगायचं विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग गेला.

आज दुसऱ्या केमोआधीचे रिपोर्ट आले. क्रिएटिनिन ०.८, पेशी बऱ्या, पण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, २.१. गेल्या वेळी ०.७ होतं. डॉक्टर म्हणाले, सोमवारी सोनोग्राफी करून या, मग बघू. एक तर थांबू, नाहीतर लाल औषध निम्मं देऊ. बाहेर चाळीस माणसं बसलेली, मला धड विचारताही आलं नाही.

घरी आल्यापासून सभा भरलीये. काका म्हणतात, निम्म्या औषधाने गाठ कशी मरणार (गाठ काढलीये हे तीनदा सांगून झालं). आत्या म्हणते, पाणी पाज भरपूर, लघवीवाटे सगळं निघून जातं. माझा प्रश्न असा: औषध लघवीतून जाताना डोळ्यांनी दिसलं, किडनी ठणठणीत आहे, मग कावीळ जराशी वर गेली म्हणून हात आखडता का? या औषधाचं शरीर करतं तरी काय?

डॉक्टरांना सोमवारी विचारणारच आहे. पण तोवर तीन रात्री काढायच्यात.

केळफूल | शुक्रवार, रात्री ११:१५

आधी आईंना नमस्कार सांगा. मी त्याच शाळेची २०१९ची माजी विद्यार्थिनी. वॉर्डात सगळे त्याला रेड डेव्हिल म्हणायचे, मी लालपरी म्हणायचे. एसटीसारखीच, उतरल्यावरही दोन दिवस अंग हलत राहतं.

बाकीची औषधं बाटलीतून थेंब थेंब. हे मात्र सिस्टर स्वतः स्टुलावर बसून जाड सिरिंजने हळूहळू सोडायच्या, बाजूला सलाईन चालू. दर मिनिटाला विचारायच्या, "जळजळतंय का? सांगा हां, लाजू नका." शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जाळतं म्हणून ती काळजी. मी माहेरची वेंगुर्ल्याची, पण त्यानंतर वर्षभर कोकम सरबताकडे बघवलं नाही. रंग तोच हो!

डोसाचं जाणकार सांगतील. मी फक्त धीर द्यायला आले.

मामलेदार | शुक्रवार, रात्री ११:२१

असले प्रश्न डॉक्टरला विचारावेत. इथे उत्तर मिळणार नाही, काढे मिळतील.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, रात्री ११:२३

मामलेदार, त्यांनी शेवटी तेच लिहिलंय. वाचा की पूर्ण.

तिरफळ | शनिवार, सकाळी ६:४०

कोयनाकाठ, मी औषधशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पेशंट तपासत नाही, तेव्हा याला सल्ला समजू नका, तास समजा.

लघवी लाल झाली म्हणून सगळं औषध लघवीतून गेलं, हा समज जवळजवळ प्रत्येक घरात होतो. हा रंग इतका जहाल आहे की चिमूटभर औषधानेही भांडं लाल दिसतं. हिशेब असा की पाच दिवसांत डोसाचा ५ ते १२ टक्के भाग लघवीत सापडतो, आणि तेवढ्याच दिवसांत सुमारे ४० टक्के पित्तात. म्हणजे मोठा रस्ता यकृतातून पित्तात, पित्तातून आतड्यात आणि तिथून शौचावाटे. तो रंग आपल्याला वेगळा दिसत नाही, म्हणून त्याचं कोणी नाव घेत नाही.

आणि बाकीचं? ते इतक्यात बाहेर येतच नाही. शिरेत सोडल्यावर काही मिनिटांतच औषध रक्त सोडून पेशींमध्ये शिरतं आणि केंद्रकातल्या डीएनएला जाऊन चिकटतं. औषध किती 'जागेत' पसरलंय याचं एक गणित आम्ही मांडतो. डॉक्सोरुबिसिनचं उत्तर शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ८०० ते १२०० लिटर येतं. माणसात एवढं पाणी मावत नाही हे उघड आहे. अर्थ इतकाच की रक्तात नावापुरतं उरतं, बाकी सगळं मांसपेशींत दडून बसतं आणि तिथून सावकाश रक्तात परत येतं. शेवटच्या टप्प्यात रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला २० ते ४८ तास लागतात. लघवीचा रंग जातो म्हणजे औषध गेलं असं नाही, नजरेआड झालं.

आता शरीर त्याचं करतं काय. तीन गोष्टी होतात.

मुख्य म्हणजे रेणूच्या शेपटीवरच्या कार्बोनिल गटाचं रूपांतर अल्कोहोलमध्ये होतं. हे काम कार्बोनिल रिडक्टेज आणि त्याच्या भावकीतली एन्झाइम्स करतात, यकृतात आणि इतर पेशींतही. तयार होतं ते डॉक्सोरुबिसिनॉल. गाठीवर त्याचा जोर मूळ औषधापेक्षा कमी, पण हृदयावर वाईट. त्यावर नंतर लिहितो.

दुसरं, रेणूच्या कड्यांमधल्या क्विनोन भागाला एखादं एन्झाइम एक इलेक्ट्रॉन देतं. तो इलेक्ट्रॉन औषध जवळ ठेवत नाही, शेजारच्या ऑक्सिजनला देऊन मोकळं होतं आणि पुन्हा पहिल्यासारखं तयार. ऑक्सिजन मात्र बिथरतो. जवळ लोह असेल तर आणखीनच. स्वतः न झिजता दुसऱ्यांत भांडणं लावणारा शेजारी असतो ना, तसं.

तिसरं म्हणजे रेणूला जोडलेली साखर तुटते. उरलेला सांगाडा गाठीच्या दृष्टीने बहुतेक निकामी.

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ८:०५

काका, शेजाऱ्यापर्यंत कळलं. पण डोस निम्मा का, ते मोरीच्या भाषेत सांगा.

तिरफळ | शनिवार, सकाळी ८:३०

मोरीच्या भाषेत तर मोरीच्या भाषेत. घराला दोन मोऱ्या आहेत. अंगणातली बारीक, लोकांना दिसणारी, ती किडनी. मागच्या दारची मोठी, ती यकृत आणि पित्तनलिका. कोयनाकाठांच्या आईची अंगणातली मोरी लख्ख आहे. पण या औषधाचं बहुतेक पाणी मागच्या दाराने जातं, आणि बिलिरुबिन वाढणं म्हणजे मागच्या मोरीवर पाणी साचल्याची खूण. बिलिरुबिनही त्याच वाटेने जातं ना. तिथे तुंबलेलं असताना नळ पूर्ण सोडला तर पाणी घरात साचणार. इथे साचणार म्हणजे पेशी खाली येणार, तोंड सोलून निघणार, जंतुसंसर्गाची भीती. नळ अर्धा सोडला तरी घरात पाणी नेहमीइतकंच राहू शकतं, कारण उतारच कमी आहे.

म्हणून काकांना सांगा, निम्मा डोस म्हणजे निम्मी केमो नव्हे.

पाटीपेन्सिल | शनिवार, सकाळी ८:३३

दंडवत. दहावीला तुम्ही असता तर मी आज हिशेब लिहीत बसलो नसतो.

न्यूजर्सीकर | शनिवार, सकाळी ९:१०

तिरफळ सरांना अनुमोदन. मी इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत केमोचे डोस तपासते. आमचा तक्ता असा: बिलिरुबिन १.२ ते ३ असेल तर डॉक्सोरुबिसिन निम्मं, ३.१ ते ५ असेल तर पाव, त्याहून वर किंवा यकृत पार बिघडलेलं असेल तर द्यायचंच नाही. २.१ म्हणजे निम्मा, तुमच्या डॉक्टरांनी अगदी शिरस्त्याप्रमाणे सांगितलंय. त्यातही चांगली गोष्ट म्हणजे नुसता तक्ता बघून न थांबता सोनोग्राफी करायला लावली. ०.७ चं २.१ तीन आठवड्यांत का झालं, याचं उत्तर आधी मिळायला हवं.

आत्याबाईंबद्दल: त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त औषध चुकलं. पाणी भरपूर प्यायचं ते एसीतल्या 'सी'साठी, म्हणजे सायक्लोफॉस्फामाइडसाठी. ते मोडताना ॲक्रोलीन नावाचा दाहक पदार्थ लघवीत उतरतो आणि मूत्राशय सोलतो. म्हणून पाणी पाजाच, रात्री झोपण्याआधी लघवीलाही पाठवा. आणि एक लक्षात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांचा लाल रंग औषधाचा. पण मधे लघवी पिवळी झाली आणि मग पुन्हा लाल दिसली, तर ते खरंच रक्त असू शकतं. लगेच फोन करायचा.

कोयनाकाठ | शनिवार, सकाळी ९:४५

मोरीचं उदाहरण काकांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. काका म्हणाले, "मग मोरीत काठी घाला!" आत्या मात्र जिंकल्याच्या थाटात फिरतेय.

एकटा_जीव | शनिवार, सकाळी १०:३०

काका बरोबर बोलले. यकृत साफ करायला आपल्याकडे गुळवेल आहे, भुईआवळी आहे. सकाळी अनशापोटी काढा, आठ दिवसांत बिलिरुबिन खाली. विष घालायचं आणि बाहेर काढायचा उपाय करायचा नाही, हे कुठलं शास्त्र?

मामलेदार | शनिवार, सकाळी १०:३१

काढा आला. सांगितलं होतं.

ओवी | शनिवार, सकाळी ११:०२

एकटा_जीव, मी कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे, मुलांच्या. काढ्यावर राग नाही. पण केमो चालू असताना दोन गोष्टी नडतात. गुळवेलबद्दलच बोलायचं तर करोनाच्या काळात ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वाद झाला. वाद तुम्ही-मी मिटवणार नाही. पण जिचं बिलिरुबिन आधीच चढलंय तिच्यावर प्रयोग कशाला? उद्या आकडा आणखी चढला तर तो आजाराने, केमोने की काढ्याने, हे डॉक्टर कसं ओळखणार?

आणि लोक सांगत नाहीत हो. "बाहेरचं काही घेता का?" विचारलं की "नाही" म्हणतात, आणि पिशवीतून बाटली डोकावत असते.

न्यूजर्सीकर | शनिवार, सकाळी ११:४०

ओवीताईंच्या मुद्द्याला जोड. पेशीच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो. यकृतात हाच पंप डॉक्सोरुबिसिन पित्तात ढकलतो, मेंदूच्या दारात उभा राहून त्याला आत येऊ देत नाही, आणि कर्करोगाच्या पेशींनी तो जास्त बनवला की औषध बाहेर फेकून त्या निगरगट्ट होतात. काही साधी औषधं हा पंप अडवतात, काही तो वाढवतात. रक्तदाबाची व्हेरापामिल अडवणाऱ्यांतली. म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक चूर्ण एका कागदावर लिहून न्या.

केमोतल्या दुसऱ्या औषधाचाही संबंध येतो. पॅक्लिटॅक्सेल आधी आणि लगेच डॉक्सोरुबिसिन दिलं तर डॉक्सोरुबिसिन शरीरात जास्त रेंगाळतं. एकाच वेळी द्यायची झाली तर लाल आधी, असा क्रम असतो तो त्यामुळे.

निशिगंध७ | शनिवार, दुपारी १:१५

मला एक कळत नाहीये. माझ्या मिस्टरांना लिम्फोमा होता, त्यांनाही हेच लाल औषध. त्यांचं बिलिरुबिन कॉलेजपासून १.६-१.७, कायमचं. तरी त्यांना पूर्ण डोस दिला आणि काही झालं नाही. मग तक्ता सगळ्यांना सारखा नाही का?

तिरफळ | शनिवार, दुपारी २:५०

उत्तम शंका. त्यांना बहुधा गिल्बर्ट असणार. जन्मतः यकृतातलं एक एन्झाइम आळशी असतं, त्यामुळे बिलिरुबिन 'बांधलं' जात नाही आणि रक्तात थोडं जास्त राहतं. पण मोरी तुंबलेली नसते. रिपोर्टात डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन आकडे असतात. गिल्बर्टमध्ये इनडायरेक्ट वाढलेलं असतं, नळी अडली की डायरेक्ट वाढतं, सोबत अल्कलाइन फॉस्फटेज वर जातं. डॉक्टर एकूण आकड्यावर थांबत नाहीत, मिस्टरांच्या बाबतीत ते थांबले नाहीत म्हणूनच पूर्ण डोस मिळाला. कोयनाकाठ, तुमच्याकडे ते दोन आकडे आहेत का?

कोयनाकाठ | शनिवार, दुपारी ३:२०

डायरेक्ट १.६. अल्कलाइन फॉस्फटेजपुढे बाण आहे, वरचा. आणि आई परवापासून म्हणतेय, जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं. आम्ही ॲसिडिटी समजून सोडून दिलं.

तिरफळ | शनिवार, दुपारी ३:२६

हे दुखणं डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर सोमवारची वाट बघू नका, आज फोन करा. ताप, थंडी वाजून येणं किंवा डोळे पिवळे झाले तर थेट ॲडमिट.

पिंपळपान | शनिवार, संध्याकाळी ७:००

कोयनाकाठ फोन करतील तोवर थोडं अवांतर. हे लाल औषध मातीतलं आहे हे किती जणांना माहितीये? १९५०च्या दशकात इटलीतल्या फार्मितालिया कंपनीच्या लोकांनी अपुलिया भागात कास्तेल देल मोंते या तेराव्या शतकातल्या अष्टकोनी किल्ल्याजवळची माती उचलली. तीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा जिवाणू सापडला, लालभडक रंग सोडणारा. त्यातून आलं डॉनोरुबिसिन. त्या भागातल्या दौनी या प्राचीन जमातीचं नाव आणि माणकाचा लाल रंग मिळून हे बारसं. मग त्याच जिवाणूच्या बदललेल्या वाणातून १९६९ मध्ये डॉक्सोरुबिसिन मिळालं आणि शेजारच्या ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन म्हणाले. दोन्ही रेणूंत फरक एका ऑक्सिजनचा!

आणि हे सांगायचं कारण असं की आमचे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. तिथेही हाच उद्योग चालायचा, मातीतून जिवाणू हुडकायचे. पिंपरीच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून त्यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आमच्या कॉलनीतल्या चिखलाला लॅटिन नाव मिळालं म्हणून वडील आयुष्यभर खूश होते.

मामलेदार | शनिवार, संध्याकाळी ७:१२

पिंपरीच्या चिखलाला आता काय काय सापडेल सांगता येत नाही.

केळफूल | शनिवार, रात्री ८:४०

पिंपळपान, मस्त. म्हणजे लालपरी किल्ल्याच्या पायथ्याच्या थांब्यावरून सुटली म्हणायची.

तिरफळ काका, हृदयावर नंतर लिहितो म्हणालात. मला दर वर्षी टूडी इको करायला लावतात आणि घरचे म्हणतात, सहा वर्षं झाली, औषध कधीच निघून गेलं, आता कसला इको? खरं काय?

तिरफळ | शनिवार, रात्री ९:५५

घरच्यांचं अर्धं खरं आहे. औषध गेलं, काही आठवड्यांतच गेलं. पण केलेलं काम मागे राहतं.

हृदयाच्या पेशीतही ते डॉक्सोरुबिसिनॉल तयार होतं. मूळ औषधापेक्षा ते पाण्याकडे जास्त ओढलं जाणारं, त्यामुळे पेशीतून लवकर बाहेर पडत नाही. आत राहून कॅल्शियमची ने-आण बिघडवतं, लोहाचा हिशेब बिघडवतं. हृदय चालतंच कॅल्शियमच्या लयीवर. त्यात बिथरलेला ऑक्सिजन शांत करणारं कॅटलेज हृदयात यकृताच्या मानाने फारच थोडं. आणखी एक, अलीकडे समजलेलं कारण आहे. हे औषध गाठीच्या पेशींत टोपोआयसोमरेज-२ या एन्झाइमला डीएनएवर अडकवून ठेवतं, त्यातून पेशी मरते. या एन्झाइमचा बीटा नावाचा भाऊ हृदयाच्या पेशींत असतो, तोही सापडतो. आणि हृदयाची गेलेली पेशी सहसा परत येत नाही.

आधी वाटायचं, सगळा खेळ बिथरलेल्या ऑक्सिजनचाच आहे. म्हणून व्हिटॅमिन ई वगैरे देऊन पाहिलं. माणसांत उपयोग दिसला नाही. डेक्सराझोक्सेनचा झाला. ते लोह पकडतं, आणि त्या बीटा भावालाही वाटेतून दूर करतं.

म्हणून या औषधाची आयुष्यभराची बेरीज ठेवतात. हृदय कमजोर होण्याची शक्यता ३०० मिलिग्रॅमला १-२ टक्के, ४०० ला ३-५ टक्के, ५०० च्या पुढे वेगाने वर. ५५० ही वरची रेघ, छातीला रेडिएशन मिळालं असेल तर ४००. चार एसीची बेरीज २४० होते. केळफूल, तुमची तेवढीच असणार. धोका कमी आहे, शून्य नाही. इको करत राहा.

ओवी | शनिवार, रात्री १०:३०

बेरजेवरून आठवलं, सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक मुलगी आली होती, वय २३, जिना चढताना दम लागतो म्हणून. लहानपणी रक्ताचा कॅन्सर होऊन बरी झालेली. किती लाल औषध मिळालं होतं? आईला आठवेना. जिथे उपचार झाले तिथे विचारलं तर जुन्या फायली पावसात गेल्या म्हणाले. शेवटी आईने घरून प्लास्टिकच्या पिशवीतली बिलं आणली, औषधाच्या दुकानाची, कोपरे उंदरांनी खाल्लेली. आम्ही दोघी सिस्टर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, एकेका बिलावरून बेरीज. अर्धी तारखेविना.

मुलांच्या वॉर्डात तिरफळ काकांचं ते एन्झाइम रोजच्या कामाचं आहे. कार्बोनिल रिडक्टेजची जनुकं एकविसाव्या गुणसूत्रावर असतात. डाउन सिंड्रोमच्या मुलांकडे ते गुणसूत्र तीन. त्यांना रक्ताचा एक विशिष्ट कॅन्सर झाला तर तो औषधाला फार छान दाद देतो, पण हृदयाला त्रासही लवकर होतो, म्हणून डोस जपून. तिथे आम्हाला जास्त करून डॉनोरुबिसिन लागतं.

तिरफळ | रविवार, सकाळी ७:१०

सिस्टर, छान सांगितलंत. शरीराने बदललेलं औषध म्हणजे कचराच असं नाही, हेही यात सांगायला हवं. त्याच घराण्यातलं आयडारुबिसिन घ्या. त्यापासून बनणारं आयडारुबिसिनॉल मूळ औषधाइतकंच कडक, आणि रक्तात त्याहून जास्त टिकणारं.

आणि एपिरुबिसिनमध्ये डॉक्सोरुबिसिनच्या साखरेवरचा एक हायड्रॉक्सिल गट फक्त उलट्या बाजूला वळलाय. बस. एवढ्याने यकृताला त्यावर ग्लुकुरोनिक आम्ल जोडता येतं, औषध लवकर निघतं, आणि हृदयाची रेघ ९०० पर्यंत सरकते.

निशिगंध७ | रविवार, सकाळी ९:००

मिस्टरांना शेवटी लायपोसोमल दिलं होतं. ते वेगळं का?

न्यूजर्सीकर | रविवार, सकाळी ९:५०

औषध तेच, चरबीच्या बारीक पुडीत बांधलेलं. पुडी हृदयाच्या धड रक्तवाहिन्यांतून सहज निसटत नाही, गाठीच्या गळक्या वाहिन्यांतून निसटते. रक्तात दोन दिवसांहून जास्त फिरत राहते. हृदय वाचतं, पण तळहात-तळपाय सोलतात. मिस्टरांना झालं असेल. २०१२ मध्ये अमेरिकेत या औषधाचा खडखडाट झाला तेव्हा आपल्या सन फार्माचं लायपोडॉक्स तात्पुरती परवानगी देऊन इथे मागवलं होतं. माझी इथली नोकरी तेव्हा नवी होती. त्या खोक्यावर भारतातला पत्ता वाचून उगाच ऊर भरून आला होता.

कोयनाकाठ | रविवार, सकाळी ११:३०

काल फोन केला. डॉक्टरांनी रात्रीच बोलावलं, सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे, एक खडा मुख्य नळीत, नळी फुगलेली. तिरफळ सर, मोरीत खरंच दगड निघाला. केमो पुढे ढकलली. दुर्बिणीतून काढणार आहेत.

मधेच एक घरगुती प्रश्न. आमच्याकडे एकच संडास, भारतीय पद्धतीचा, आणि ८४ वर्षांची आजी. पुढच्या केमोनंतर काय काळजी घ्यायची?

ओवी | रविवार, दुपारी १२:१५

खडा सापडला ते बरं झालं. पहिले काही दिवस आई गेल्या की दोन बादल्या पाणी, शिंतोडे न उडवता, कडेने. मग आजींनी जायचं. उलटीचं भांडं, ओले कपडे हाताळताना हातमोजे. काही ठिकाणी दोन दिवस सांगतात, या औषधाच्या माहितीपत्रकात पाच दिवस दिलेत. मी पाचच सांगते. कपडे वेगळे धुवायचे. जवळ बसायला, हात धरायला, एका ताटात जेवायला काही हरकत नाही. आजींना ते नीट सांगा, नाहीतर त्या लांब बसतील आणि आईंना वाईट वाटेल.

एकटा_जीव | रविवार, दुपारी १२:४०

खडा असेल तर काढ्याने गेला नसता, हे मान्य. पण पथरीवर कुळथाचं कढण...

केळफूल | रविवार, दुपारी १२:४२

ती मुतखड्याची, दादा. ही वेगळी मोरी!

मामलेदार | सोळा दिवसांनंतर, मंगळवार, रात्री ९:०५

ते खडावाले कुठे गेले? धागा उघडा टाकून गायब होतात लोक.

केळफूल | मंगळवार, रात्री ९:१०

मामलेदारांना काळजी वाटतेय, पण तसं म्हणणार नाहीत. (दिवे घ्या.)

कोयनाकाठ | बुधवार, रात्री १०:२०

गायब नाही हो, पळापळ होती. एन्डोस्कोपीने खडा काढला, नळीत स्टेंट घातला. बिलिरुबिन १.४ झालं, आठ दिवसांनी ०.८. डॉक्टरांनी आणखी दोन-तीन दिवस थांबवलं आणि काल दुसरी केमो दिली, पूर्ण. जाण्याआधी काकांनी विचारलं, "आज पूर्ण का?" तर डॉक्टर उत्तर देणार तोच आईनेच सांगितलं, "मोरी मोकळी झाली म्हणून." डॉक्टर दोन सेकंद बघत राहिले.

या वेळी तिला आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी बाथरूममधून हाक आली, "आली रे लालपरी!" आजी विचारतेय, कोण आलं?

ओवीताई, तुमच्या त्या मुलीच्या बिलांची गोष्ट डोक्यातून जात नव्हती. कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलाय. तारीख, औषध, डोस. पहिली ९०, दुसरी ९०, एकूण १८० मिलिग्रॅम.

न्यूजर्सीकर | गुरुवार, पहाटे ४:३५

फार बरं वाटलं. एक दुरुस्ती मात्र. ५५० ची जी रेघ आहे ती शरीराच्या दर चौरस मीटरमागे आहे, नुसते मिलिग्रॅम नाहीत. आईंचं क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर असणार, ६० गुणिले १.५ म्हणून ९०. तेव्हा बेरजेच्या रकान्यात १२० लिहा, आणि शेजारी वजन-उंची. १८० बघून पुढचा कोणी डॉक्टर चुकीचा हिशेब करेल.

कोयनाकाठ | गुरुवार, सकाळी ७:५०

खोडून लिहिलं. वजन आईने दोन किलो कमी सांगितलं होतं, तेही आत्याने तिथेच पकडलं. काट्यावर उभं करून खरं लिहिलंय.